आतेला काही दिलं नाही

कापडे गावात कुणाच्या गाईनं कालवड दिली, कुणाच्या मुंबईच्या मुलानं कौलं उतरवून स्लॅब टाकला, कुणाच्या सुनेला माहेरून मिक्सर आला, की त्या दिवशी आवडीला जेवण गोड लागत नसे. ही गोष्ट तिलाही ठाऊक होती आणि गावालाही. ती मनात कुढणाऱ्यांतली नव्हती. "बरं हाय बाय तुमचं," असं ती तोंडावर म्हणायची, आणि त्या 'बरं हाय'मध्ये सगळं काही येऊन जायचं. बाया मागं हसायच्या, पण तिच्या जिभेला वचकूनही असायच्या.

तिच्या वाट्याला आलं तरी काय होतं? लग्न होऊन ती डोंगरातल्या एका वाडीवर गेली. मूल झालं नाही. नवरा मुंबईला, सणाला यायचा, मग सणालाही येईनासा झाला. त्यानं तिकडं दुसरा संसार थाटलाय, त्याला मुलगाही आहे, हे तिला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईकडून कळलं. आवडीनं पानावरचा भात संपवला, हात धुतला, आणि सासरी न जाता थेट माहेरची वाट धरली. धाकटा भाऊ महिपती ओटीवर बसला होता. त्यानं सरकून तिला बसायला जागा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन शेतावर गेली.

पुढं महिपतीचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि मुलगा धड चालायला लागायच्या आत त्याची आई तापाच्या दुखण्यानं गेली. महिपती महाडच्या औद्योगिक वसाहतीत, केमिकलच्या कंपनीत शिफ्टला जायचा. पोर आवडीच्या पदरात पडलं. हृतिक त्याचं नाव. तिनं त्याला पेज भरवली, कडेवर घेऊन भाताची लावणी केली, त्याच्या गोवरात देवाला काय काय बोलली ते देवालाच माहीत. तो तिला आते म्हणायचा. पण दुसरी मुलं 'आई' ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात म्हणायचा, आणि ते गावातल्या बायांना ऐकू जावं म्हणून आवडी मुद्दाम उशिरानं ओ द्यायची.

त्या वर्षांत तिला कुणाचा हेवा वाटला नाही. निदान रोज तरी नाही.

हृतिक सातवीत असताना महिपतीनं दुसरं लग्न केलं. अनुपमा महाडची. आजारी आई सांभाळता सांभाळता तिचं लग्नाचं वय मागं पडलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, बोलणं शहरी, आवाज हळू. आली त्या दिवसापासून ती आवडीला "वन्सं" म्हणून मान द्यायची, आधी तिचं ताट वाढायची. भांडायला काही कारण देत नव्हती, आणि आवडीला त्याचाच जास्त राग होता.

अनुपमा कोलंबीचं कालवण करी ते हृतिक बोटं चाटून खायचा. आवडीचं कालवण काय वाईट होतं? अनुपमा त्याचं विज्ञानाचं पुस्तक त्याच्याबरोबर वाचायची. आवडीला वाचता यायचं, पण अडखळत. आणि एका सकाळी शाळेला निघताना पोरगं उंबऱ्यातून ओरडलं, "मम्मी, डबा!" आवडी चुलीपुढं होती. तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली, परसात गेली, आणि आधीच लख्ख असलेलं पातेलं पुन्हा घासायला बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही.

हृतिक नववीला पोलादपूरच्या शाळेत जायला लागला, आणि त्या पावसाळ्यात तो बदलला.

पहिल्यांदा त्याचं जेवण कमी झालं. मग तो सुट्टीच्या दिवशी दुपार दुपार झोपून राहू लागला, आणि सकाळी उठला की रात्रभर जागल्यासारखा दिसे. मैदानावर जाणं सुटलं. अंघोळीला चार हाका माराव्या लागत. काही विचारलं की म्हणे, "काय उपयोग?" भाकरी खा, काय उपयोग. अभ्यास कर, काय उपयोग. एकदा आवडीनं चिडून त्याचं पांघरूण ओढलं तर तो नुसता बघत राहिला. डोळे उघडे, पण त्या बघण्यात कुणी नव्हतं. ती पांघरूण तसंच टाकून मागं सरली. पण मनातल्या भीतीला तिनं लगेच एक नाव दिलं, आणि ते नाव अनुपमा.

"सावत्र ती सावत्र," ती नळावर शेजारच्या सुंदराबाईला म्हणाली. "माझ्याकडं होता तेव्हा कसा गुबगुबीत होता. आता बघ."

महिपती म्हणायचा, सगळं मोबाईलचं आहे. अनुपमा म्हणायची, वय आहे, या वयात मुलं अशी गप्प होतात. शाळेतल्या बाईंचा एकदा फोन आला की हृतिक वर्गात कुणाशी बोलत नाही, तेव्हा महिपतीनं पोराला दम दिला आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. ज्यानं त्यानं आपापलं कारण घट्ट पकडून ठेवलं होतं. पोराला कुणी विचारलंच नाही.

दिवाळी गेली, भात झोडून झाला, शेतात वाल पेरले, आणि अचानक हृतिक निवळला. स्वतःहून अंघोळ केली. अनुपमाला पाणी भरू लागला. एका दुपारी तिच्या हातचं जेवताना ती काही बोलली आणि तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. आवडी ओटीवर सुपात वाल निवडत होती. तिला ते हसू ऐकू आलं आणि तिच्या मनात आनंदाच्या आधी दुसरंच आलं. हिच्यासाठी हसला. माझ्यासाठी नाय हसला.

त्याच आठवड्यात त्यानं आपली सायकल शेजारच्या राहुलला देऊन टाकली. आवडीनं विचारलं तर म्हणाला, "मला कुठं लागते, आते." बॅट विनीतला दिली. हा विनीत त्याच्याच वर्गातला, खालच्या आळीतला. आवडी चरफडली. राहुलची आई कधी एक वाटी ताक पाठवत नाही आणि तिच्या पोराला सायकल!

शुक्रवारी तिनं देव्हाऱ्यात दिवा लावला तर तिथं एका वाटीत मोरणी दिसली. नाकातली, एवढीशी, एका खड्याची. ती हृतिकच्या आईची. पोरगं ती कंपासपेटीत कापसात गुंडाळून ठेवायचं, कुणाला हात लावू देत नसे. आवडीलाही नाही.

"ही इथं कशी?"

अनुपमा जरा लाजली. "त्यानं मला दिली, वन्सं. म्हणाला तुझ्याजवळ असू दे. मी म्हटलं, देवापाशी ठेवते."

ती रात्र आवडीनं कूस बदलत काढली. पेज कुणी भरवली, गोवर कुणी काढला, आणि मोरणी कुणाला? तिला त्या मेलेल्या भावजयीचाही हेवा वाटला. मरूनही तिची वस्तू द्यायला उरली होती.

शनिवारी सकाळची शाळा. महिपती कामावर. दुपारी अनुपमा तांदूळ पाखडत होती, आणि आवडीचा बांध फुटला.

"झालं ना मनासारखं? आईची मोरणी घेतलीस."

"मी मागितली नाही, वन्सं."

"नाय मागितलीस! राहुलला सायकल. विनीतला बॅट. त्या गोमाजीच्या नातवाला इयरफोन, नवे, गणपतीत घेतलेले. तुला मोरणी. सगळ्या गावाला वाटत सुटलाय. आणि मला? मला काय दिलं गो? साधी पेन्शील तरी? मी ह्याला वाढवला!"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. पण अनुपमा तिच्याकडं बघतच नव्हती. तिच्या हातातलं सूप तिरपं झालं होतं आणि तांदूळ जमिनीवर ओघळत होते.

"इयरफोन पण दिले?" तिनं विचारलं. "सायकल मला माहीत होती. बॅट, इयरफोन... वन्सं, सगळं दिलं?"

"सगळं म्हणजे सगळं."

"माझ्या भावानं असंच केलं होतं." अनुपमाचे ओठ पांढरे पडले होते. "अपघात झाला असं आम्ही सगळ्यांना सांगतो. अपघात नव्हता तो. त्याच्या आधी तो असाच शांत झाला होता. घड्याळ मला दिलं. मला किती बरं वाटलं होतं. आणि परवा मोरणी हातात आली तेव्हाही मला बरंच वाटलं. म्हटलं, आता यानं मला आई मानलं. वन्सं, मी किती मूर्ख आहे. हृतिक कुठंय?"

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. अनुपमानं विनीतच्या घरी फोन लावला. विनीत म्हणाला, आम्ही मिनिडोर रिक्षातून बरोबरच उतरलो, हृतिकनं दप्तर माझ्याकडं दिलं, घरी देशील का म्हणाला, आणि तो शेताकडं गेला.

"शेतातल्या खोपीकडं गेला असंल," आवडी म्हणाली. "लहानपणी रुसला की तिथंच जाऊन बसायचा."

दोघी धावत सुटल्या. बांधावरून धावताना अनुपमाची चप्पल तुटली. ती मागं राहिली आणि आवडी थांबली नाही. छाती फुटायची वेळ आली होती, तरी मनात कुठंतरी होतंच, की आपण आधी पोचावं. त्यानं आधी आपल्याला बघावं.

हृतिक खोपीच्या सावलीत बसला होता. समोर वाल हिरवे झाले होते, खाली नदीचं पाणी दिसत होतं. आवडीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "काय रं! दप्तर दुसऱ्याकडं देतोस! किती घाबरवलंस!"

"काय नाय आते, बसलोय असाच," तो म्हणाला, आणि तिच्याकडं बघून हसलाही. तेच निवळलेलं हसू. क्षणभर तिला वाटलं, काहीच नाही, ती महाडकरीण उगाच घाबरवते.

अनुपमा अनवाणी पायांनी आली. धापा टाकत होती. ती त्याच्या अंगावर धावली नाही, रडली नाही. जरा अंतरावर मातीत बसली. श्वास खाली बसू दिला. मग म्हणाली, "हृतिक, मी तुला सरळच विचारते. मरून जावं असं तुझ्या मनात येतंय का?"

"गो बाय!" आवडी किंचाळली. "पोराला काय इचारतेस हे! तोंड हाय का काय!"

अनुपमानं मान वळवली नाही. नुसता हात लांब करून आवडीचं मनगट धरलं आणि दाबलं. पोरगं वालाचं एक पान घेऊन त्याचे बारीक तुकडे करत होतं. तुकडे करायला काही उरलं नाही तेव्हा म्हणालं, "हो."

"आज काही करायचं ठरवलं होतंस?"

त्यानं होकाराची मान हलवली. आणि मग तो रडायला लागला. बारका असताना रडायचा तसा नाही. मोठ्या माणसासारखा, आवाज न करता, खांदे हलवत.

आवडीच्या तोंडात वाक्यं गर्दी करत होती. मी तुला काय कमी केलं? मी कुणासाठी जगले? पण मनगटावर तो हात होता. ती गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं. हृतिक बोलत होता, अनुपमाशी बोलत होता, तोंड अनुपमाकडं करून बोलत होता, आणि ती ऐकत होती. सकाळी डोळे उघडले की वाटतं कशाला उघडले. शाळेत मुलं बोलतात ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं. काही आठवत नाही, काही वाचलेलं राहत नाही. पप्पा शिफ्ट करून थकतात, तुम्ही दोघी माझ्यावरून भांडता. मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल.

भांडता, हा शब्द आवडीला लागला.

"आम्हाला त्रास होतो असं तुला वाटतंय," अनुपमा म्हणाली. "तसं नाही. पण ते तुला आज पटणार नाही, राहू दे. आज एवढंच ठरवू, तू एकटा राहायचं नाहीस. कुणीतरी सतत बरोबर असेल. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

सगळे उठले. आणि तेवढ्यात, नको म्हणता म्हणता, आवडीच्या तोंडून निघूनच गेलं, "सगळ्यांना काय काय दिलंस. मला का रं काय दिलं नाय?"

हृतिकनं तिच्याकडं बघितलं. "तुला दिलं असतं तर तुला लगेच कळलं असतं, आते."

वाटेत तिनं त्याचा हात धरला होता. तो हात आता तिच्या हाताहून मोठा होता. तिला कळलं असतं असं त्याला वाटत होतं. आणि तिला कळलं नव्हतं. त्या एका वाक्यानं तिला उचलूनही घेतलं आणि जमिनीवर आपटलंही.

घरी आल्यावर अनुपमानं सरकारी मदतीच्या नंबरावर, १४४१६ वर, फोन लावला. पलीकडची बाई मराठीतच बोलत होती, घाई करत नव्हती. ती हृतिकशीही बोलली. तिनं सांगितलं त्याप्रमाणं शेतीची औषधं आणि घरातलं धोक्याचं जे जे होतं ते आवडीनं गोळा केलं आणि वरच्या आळीत भिकाजीच्या घरी कुलपात नेऊन ठेवलं. भिकाजीनं कशासाठी विचारलं तर म्हणाली, "तुला करायचंय काय? ठेव म्हटलं तर ठेव."

महिपतीला कंपनीतून बोलावून घेतलं. तो आला, त्यानं ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला. दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर म्हणाला, "डोक्याच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील? पुढं सोयरीक व्हायची हाय पोराची."

"आधी पोरगा तर पायजे ना सोयरिकीला," आवडी म्हणाली. "लोकांचं माझ्यावर सोड. लोकांना मी बघून घेते."

आणि तिनं बघून घेतलं. महाडच्या दवाखान्यात जाऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुंदराबाई साखर मागायच्या निमित्तानं आली. पोराला काय झालंय, बाहेरचं काही आहे का, असं खालच्या आवाजात विचारू लागली. आवडीनं साखर दिली आणि म्हणाली, "आजारी हाय. डॉक्टर बघतायत. तुझ्या गुडघ्याला मी कधी बाहेरचं म्हटलं का?" सुंदराबाईनं पुन्हा विषय काढला नाही. जन्मभर तापदायक ठरलेली जीभ पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडत होती.

दवाखान्यात मात्र तिची परीक्षाच झाली. मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, अंगात साधा कुर्ता. त्यांनी हृतिकला एकट्याला आत घेतलं आणि दार लावलं. आवडी बाकावर बसून त्या दाराकडं बघत राहिली. मला जे सांगत नाय ते ह्या परकीला सांगतोय. किती वेळ! आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा थोडा सैल झालेला तिला दिसला, आणि तिला त्या डॉक्टरणीचाही हेवा वाटला. स्वतःचीच तिला जरा लाज वाटली, पण वाटला.

मग बाईंनी मोठ्यांना आत बोलावलं. हा आजार आहे, बरा होतो, वेळ लागतो, गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि बोलायला दर आठवड्याला यायचं, असं त्यांनी समजावलं. आवडीनं धीर करून विचारलं, "हिनं त्याला सरळ मरणाचंच इचारलं. त्यामुळंच मनात भरलं असतं तर?" बाई म्हणाल्या, विचारल्यानं ते मनात भरत नाही. उलट त्याला बोलायला जागा मिळाली. मग त्यांनी विचारलं, "वेळेवर आणलंत. लक्षात कुणाच्या आलं?"

"यांच्या," अनुपमा म्हणाली आणि आवडीकडं बोट केलं. "वस्तू कुणाकुणाला दिल्या ते सगळं यांनाच माहीत होतं."

आवडीनं मान खाली घातली. ते कशापायी माहीत होतं ते बाईंना सांगायची तिची हिंमत झाली नाही. परतीच्या एसटीत तिला वाटत राहिलं, ही बया किती सहज दुसऱ्याला देऊन टाकते. असं आपल्याला का जमत नाही? म्हणजे पुन्हा तेच.

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. गोळ्यांनी पहिले दिवस हृतिकला सारखी झोप यायची. शाळा बुडाली. एकदा, चांगलं चाललंय म्हणेपर्यंत, तो पुन्हा पांघरुणात शिरला आणि डॉक्टरीण बाईंनी औषध बदललं. शाळेतल्या बाईंना अनुपमा जाऊन भेटली. त्यांनी त्याला मागच्या बाकावरून पुढं आणलं आणि मधल्या सुट्टीत विनीतला त्याच्याबरोबर राहायला सांगितलं. महिपतीनं रात्रपाळी बदलून घेतली. तो पोराजवळ नुसता बसायचा, बोलायला त्याला जमत नव्हतं. मग दोघं मिळून गुरांसाठी वैरण कापायचे.

आणि घरातली भांडणं थांबली असं नाही, पण दोघींनी ती परसात नेली. एकदा अनुपमा फणकारली, "वन्सं, तुम्हाला माझं काहीच आवडत नाही का?" आवडीनं खूप विचार केला. "कोलंबीचं कालवण," ती म्हणाली. "पण त्याला सांगू नकोस."

हृतिक दहावीत गेला. पावसाळा सरला, पुन्हा वालाच्या शेंगा काढायचे दिवस आले. घरात अनुपमा भात शिजवत होती. आवडी ओटीवर शेंगा सोलत होती. हृतिक शाळेतून आला, दप्तर ठेवलं, आणि तिच्याजवळ येऊन बसला. दोन-चार शेंगा सोलल्या. मग खाली बघत म्हणाला, "आते, आज बरं नाय वाटत. तसंच वाटतंय, पहिल्यासारखं. सकाळपासून."

आवडीच्या छातीत धडधडलं. भीतीनं धडधडलं. पण त्याच्या आत, अगदी आत, आणखी काहीतरी उसळलं. मला सांगितलं. पहिलं मला. आत ती आहे, तरी तिला सोडून माझ्याजवळ येऊन बसला. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव जळला ते समोर आलं होतं, आणि ती एकटी ओटीवर होती.

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मरायचं येतंय मनात?" तिनं विचारलं. आवाज कापला, पण विचारलं.

"तेवढं नाय. पण भीती वाटते की येईल."

"बरं केलंस सांगितलंस."

तो तिला टेकला. तसाच थोडा वेळ टेकून राहू द्यावा, कुणाला कळू देऊ नये, असं तिला फार वाटलं. मग तिनं आत तोंड करून हाक मारली,

"अनुपमा! गो अनुपमा! भात उतरव आणि इकडं ये. डॉक्टरणीला फोन लावायचा हाय."